घरचिमणीचें आयुर्मान व तें घटविणाऱ्या गोष्टी

मराठी घरांतील लेंकरास कोणत्या पांखराची ओळख प्रथम होत असेल, तर ती चिमणीची. घांस भरवितांना काऊ-चिऊंचीं नांवें घेतल्यावांचून आपल्याकडे मूल वाढत नाहीं. खळ्यावर, गोठ्यांत, कौलांच्या सांदींत, विहिरीच्या दगडी बांधकामांतील भोकांत ती सदैव आपल्या डोळ्यांसमोर असते. असें असूनहि, ही चिमणी किती वर्षें जगते, असा साधा प्रश्न कोणीं केला, तर उत्तरें दोन टोकांचीं मिळतात. कोणी म्हणतात, एवढेंसें पांखरूं, वर्ष-दोन वर्षें जगत असेल. कोणी सांगतात, आमच्या पडवींत वीस वर्षें तेंच जोडपें घरटें करीत आहे. या दोन्ही उत्तरांत थोडथोडें सत्य आहे. परंतु त्यांचा मेळ घातल्यावांचून खरी गोष्ट हातीं लागत नाहीं. तो मेळ घालणें हा या लेखाचा हेतु आहे. विषय केवळ कुतूहलाचा नाहीं. चिमणीचें आयुष्य नेमकें कोठें तुटतें हें समजलें, म्हणजे तें तुटण्यांत आपल्या शेताचा व घराचा वाटा किती, हेंहि उमगतें.

पांखराचें वय कसें कळतें?

बैलाचें वय दांतांवरून सांगतां येतें, झाडाचें खोडांतील वर्तुळांवरून काढतां येतें. पण चिमणी एकदां पूर्ण वाढली, म्हणजे एक वर्षाची व दहा वर्षांची यांत आपल्या डोळ्यांस कांहींच भेद दिसत नाहीं. म्हणून जुन्या काळीं पक्ष्यांच्या वयाविषयीं जें सांगत तें बहुधा अंदाजाचें असे. ही अडचण दूर केली ती डेन्मार्क देशांतील व्हिबोर्ग गांवच्या एका शिक्षकानें. हान्स मोर्टेन्सन या गृहस्थानें इ. स. १८९९ मध्यें साळुंकीच्या कुळांतील १६५ पक्ष्यांच्या पायांत ॲल्युमिनियमचीं हलकीं कडीं अडकविलीं व प्रत्येकावर क्रमांक कोरला. कडें घातल्याची तारीख वहींत नोंदली, कीं पुढें तोच पक्षी जेव्हां सांपडेल तेव्हां मधलीं वर्षें मोजावयाचीं. जनावरांच्या कानांत बिल्ला मारतात, त्यांतलाच हा प्रकार. आपल्याकडे १८८३ सालीं मुंबईस स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनें १९५९ पासून पक्ष्यांस कडीं घालण्याचें मोठें काम हातीं घेतलें. युरोप-अमेरिकेंत हें काम शतकाहून अधिक काळ चाललें असल्यामुळें चिमणीच्या आयुष्याचे पुढील बहुतेक आंकडे तिकडचे आहेत. जात मात्र आपल्या घरांतलीच.

अधिकांत अधिक आयुष्य

डेन्मार्कमध्यें कडें घातलेली एक चिमणी त्यानंतर १९ वर्षें ९ महिन्यांनीं मेलेली सांपडली. अमेरिकेंतील टेक्सास प्रांतांत २००४ सालीं सांपडलेली एक मादी निदान १५ वर्षें ९ महिन्यांची होती. पिंजऱ्यांत पाळलेली एक चिमणी २३ वर्षें जगल्याची नोंद आहे. चिमणीचें वजन अवघें २५ ते ३० ग्रॅम, म्हणजे घरांतील लहान उंदराएवढें. दोघांचें वजन सारखें, बिऱ्हाडहि पुष्कळदां एकाच कणगीपाशीं. परंतु उंदीर कितीहि जपला तरी दोन-तीन वर्षांपलीकडे क्वचितच जातो, आणि चिमणीच्या कुडींत वीस वर्षें टिकण्याची शक्ति असते. याचें कारण विद्वान लोक असें देतात कीं, ज्या प्राण्यास पंखांच्या बळावर शत्रूपासून निसटतां येतें, त्याच्या वंशांत देह दीर्घकाळ टिकविण्याची योजना पिढ्यान् पिढ्या दृढ होत जाते. जो बहुधा लौकरच खाल्ला जावयाचा, त्याच्या देहांत तशी योजना होण्यास अवसर मिळत नाहीं.

तथापि चिमणीसहि म्हातारपण येतें. इंग्लंडच्या पश्चिमेस लंडी नांवाचें लहानसें बेट आहे. तेथील चिमण्यांस कडीं घालून त्यांच्या वंशावळी ठेवल्या आहेत. वृद्ध आईबापांच्या पोटीं आलेल्या पिलांस पुढें स्वतःचीं पिलें कमी होतात, असें त्यांवरून दिसून आलें; हें संशोधन २०१५ सालीं प्रसिद्ध झालें.

सरासरी आयुष्य म्हणजे काय?

आतां दुसरी बाजू. पूर्ण वाढलेल्या चिमण्यांपैकीं दरवर्षीं शेंकडा ४५ ते ६५ जगतात, बाकीच्या मरतात. प्रस्तुत लेखकाचें आयुष्य महसूल खात्यांतील वह्या लिहिण्यांत गेलें असल्यामुळें हा विषय हिशेबाच्या रीतीनें मांडणें त्यास सोईचें वाटतें. दरसाल निम्म्या उरतात असें धरूं. शंभर प्रौढ चिमण्यांच्या वर्षानंतर ५० राहतील, दोन वर्षांनीं २५, तीन वर्षांनीं बारा-तेरा, पांच वर्षांनीं अवघ्या तीन. दहा वर्षें काढणारी सुमारें हजारांत एक, आणि वीस वर्षें गांठणारी सुमारें दहा लाखांत एक. डेन्मार्कची ती चिमणी कोणत्या भाग्याची होती हें यावरून कळेल. याच हिशेबानें प्रौढ चिमणीच्या वांट्यास पुढें सरासरीनें दीड वर्षाचें आयुष्य येतें.

म्हणजे 'वर्ष-दोन वर्षें' म्हणणारा सरासरी सांगतो व 'वीस वर्षें' म्हणणारा कमाल मर्यादा. पडवींतील जोडप्याचें म्हणाल, तर त्यांतील एक मेलें कीं दुसरें लौकरच त्याची जागा घेतें, आणि आपणांस जोडपें तेंच भासतें. सात-बाराच्या उताऱ्यावर गट नंबर तोच राहतो व फेरफारानें खातेदाराचें नांव पालटतें, तसेंच हें आहे.

सरासरी हा शब्द फसवा असतो हेंहि ध्यानांत ठेवावें. विसाव्या शतकाच्या आरंभीं हिंदुस्थानांत जन्मणाऱ्या मुलाचें सरासरी आयुष्य पंचवीस वर्षांच्या आंतच होतें. म्हणून त्या काळीं पंचविशींत माणसें म्हातारीं होत होतीं असें नव्हे. सत्तरी ओलांडलेले आजे-पणजे तेव्हांहि गांवोगांवीं होते. लेंकरें पाळण्यांत दगावत, म्हणून सरासरी खालीं येई. चिमणीचेंहि तसेंच आहे. अंड्यांतून बाहेर आलेल्या पिलांपैकीं पुढच्या विणीच्या हंगामापर्यंत पोहोंचतात तीं शेंकडा २० ते २५. जी चिमणी पहिलें वर्ष निभावून गेली, तिनें मोठा घाट ओलांडला म्हणावयाचें.

पहिला पंधरवडा

चिमणी एका वेळीं बहुधा तीन ते पांच अंडीं घालते. नर व मादी दोघेंहि तीं उबवितात. अकरा ते चौदा दिवसांत पिलें निघतात. त्यांच्या अंगावर पीस नसतें, डोळे मिटलेले असतात, वजन दोन-तीन ग्रॅम. पुढें चौदा ते सतरा दिवसांत तींच पिलें आठ-दहा पट वाढून घरट्याबाहेर पडतात. इतक्या थोड्या मुदतींत एवढें अंग भरावयाचें, तर तें दाण्यांवर भरत नाहीं. वासरास पहिल्या दिवसांत कडबा घालून भागत नाहीं, चीक व दूधच लागतें; तसें चिमणीच्या पिलास मऊ व मांसल असें किड्यांचें अन्न लागतें. मावा, हिरव्या अळ्या, नाकतोड्यांचीं पिलें, माश्या, कोळी हा त्यांचा आहार होय. आईबाप स्वतः जन्मभर दाणे टिपणारे असले, तरी या दिवसांत सकाळपासून अंधार पडेपर्यंत किडे वेंचीत फिरतात, आणि तेहि घरट्याच्या आसपासच. दूर जाऊन किडे आणणें त्यांस परवडत नाहीं. तेवढ्यांत पिलें थंडावतात.

इंग्लंडमध्यें १९७० च्या दशकापासून चिमण्या निम्म्याहून अधिक घटल्या, तेव्हां कारणें शोधण्यासाठीं लेस्टर शहरांतील घरट्यांची बारकाईनें पाहणी करण्यांत आली. तिचे निष्कर्ष २००८ सालीं प्रसिद्ध झाले. जेथें पिलांच्या पोटांत किड्यांऐवजीं वनस्पतींचे तुकडे व मुंग्याच अधिक जात होत्या, तेथें पिलें खंगलेलीं आढळलीं. जेथें माश्या व मावा भरपूर, तेथें तीं अंगानें चांगलीं होतीं. घरट्यांतून बाहेर पडतांना पिलाचें वजन जितकें अधिक, तितकी त्याची पुढें तगण्याची आशा अधिक, असेंहि दिसलें. यावरून चिमणीच्या आयुष्याची लांबी पुष्कळशी पहिल्या पंधरवड्यांतच ठरते, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

पुढें लंडनच्या उपनगरांत घरट्यांजवळ अळ्या मुद्दाम ठेवून पाहिलें. त्या योगें बाहेर पडणाऱ्या पिलांची संख्या वाढली. परंतु मोठ्या चिमण्यांची संख्या मात्र तेवढ्यानें वाढली नाहीं. तात्पर्य, अन्न ही पहिली गरज खरी, पण ती एकटी पुरत नाहीं. पिलूं उडाल्यावर त्याच्यापुढें दुसरीं संकटें उभीं राहतात. आतां तीं पाहूं.

उडाल्यानंतरचीं संकटें

नुकतें उडालेलें पिलूं आठ-पंधरा दिवस आईबापांच्या आधारानें राहतें. या काळांत मांजर, कावळा, शिक्रा, पिंगळा हे त्याचे वैरी; घरट्यांत असतांना धामण व घूस. यांत मांजराचा भाग मोठा आहे, कारण तें माणसाच्या आश्रयानें वाढतें व उपाशी नसतांहि शिकार करितें. घरांतील विजेचा पंखा हाहि एक वैरीच समजावा. पंख्याच्या वरच्या वाटींत घरटें बांधावयाचें व खालून पातीं फिरावयाचीं, यांत किती चिमण्या कापल्या जातात हें ज्यानें त्यानें आपापल्या घरीं पाहिलेंच असेल.

हवामानाचा तडाखा किती असतो याचें एक प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेंतील आहे. १८९८ च्या फेब्रुवारींत प्रॉव्हिडन्स शहरीं हिमवादळ झालें. त्यांत गारठून पडलेल्या १३६ चिमण्या बम्पस नांवाच्या प्राध्यापकाकडे आणण्यांत आल्या. त्यांपैकीं ७२ ऊब मिळतांच सावध झाल्या, ६४ मेल्या. त्यानें प्रत्येकीचें माप घेतलें व असा निष्कर्ष काढला कीं, ज्यांची ठेवण सर्वसामान्य मापापासून फार दूर होती, त्यांत मृत्यूचें प्रमाण अधिक होतें. आपल्याकडे हिमवादळ नाहीं. पण चैत्र-वैशाखांत तापलेल्या पत्र्याखालचें घरटें म्हणजे भट्टीच होय. जुन्या कौलांखालीं व गवती छपरांत हवा खेळत असे. लोखंडी पत्र्याखालीं ती सोय नाहीं, आणि सिमेंटच्या सपाट भिंतींत तर घरट्यास सांदच उरलेली नाहीं.

रोगांचाहि वाटा आहे. पक्ष्यांस त्यांचा निराळा हिवताप होतो. तो डांसांमुळें पसरतो, पण माणसास लागत नाहीं. लंडनमधील ज्या वस्त्यांत चिमण्या घटत होत्या, तेथील पक्ष्यांच्या रक्तांत या रोगाचे जंतु अधिक तीव्र प्रमाणांत होते व अशा पक्ष्यांचे जगण्याचे प्रमाण कमी होतें, असें २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत दिसलें.

यांत शेतीचीं औषधें हें शेवटचें, पण आपल्या हातांतलें कारण आहे. त्यांचा अपाय तीन वाटांनीं होतो. फवारणीनें किडे नाहींसे होतात व पिलें उपाशी राहतात. औषध चोळलेलें बियाणें पेरणीच्या वेळीं मातीवर उघडें राहिलें, तर तें दाणा समजून टिपलें जातें. आणि दाणेदार कीटकनाशकें चिमणी खडे समजून गिळते. कारण दळण्याच्या कामासाठीं तिच्या पोटांत बारीक खडे लागतात. कार्बोफ्युरान या औषधाचा एकच दाणा लहान पक्ष्यास मारण्यास पुरतो असें आढळल्यामुळें अमेरिकेंत १९९० च्या दशकांत त्याच्या दाणेदार प्रकाराचा वापर जवळजवळ थांबविण्यांत आला.

एका पिलाची तूट

आतां या सर्वांचा जमाखर्च पाहूं. एका जोडप्यानें वर्षांत तीन वेळां चार-चार अंडीं घातलीं, तर बारा अंडीं झालीं. दरसाल निम्मीं प्रौढ पांखरें मरतात, म्हणजे दर जोडप्यामागें एक जातें. तेव्हां त्या बारा अंड्यांतून एक पांखरूं पुढच्या हंगामापर्यंत पोहोंचलें, तरी गांवांतील चिमण्यांची संख्या कायम राहते. बारांपैकीं चार पिलें उडालीं व त्यांतील चौथा हिस्सा तगला असें धरिलें, म्हणजे जमा व खर्च बरोबर मिळतात.

आतां असें समजा कीं, किडे कमी पडल्यामुळें चाराऐवजीं तीनच पिलें उडालीं. फरक दिसावयास केवळ एका पिलाचा. गांवांत शंभर जोडपीं, म्हणजे दोनशें चिमण्या असल्या, तर शंभर मरतील व भर पडेल ती पंचाहत्तरांची; वर्षाअखेर १७५ राहतील. दुसऱ्या वर्षीं १५३, तिसऱ्या वर्षीं १३४. आणि पांचव्या वर्षाअखेर सुमारें १०३. म्हणजे पांच वर्षांत चिमण्या निम्म्या झाल्या. यांत कोणीं गलोल मारली नाहीं, विष घातलें नाहीं, एकहि मेलेली चिमणी अंगणांत पडलेली दिसली नाहीं. मोठ्या चिमण्यांचें आयुष्य एका दिवसानेंहि घटलें नाहीं. केवळ घरट्याच्या आंत, कोणाच्या दृष्टीस न पडतां, जोडप्यामागें एक पिलूं कमी झालें. चिमण्या कोठें गेल्या, असें पुष्कळ लोक विचारतात, त्याचें उत्तर बहुधा असल्या न दिसणाऱ्या तुटींत असतें. आपल्या देशांतील पक्ष्यांचा जो अहवाल २०२० सालीं निघाला, त्यांत चिमण्या एकंदर देशभर बऱ्याचशा स्थिर असून मुंबई, दिल्ली, कलकत्ता अशा मोठ्या शहरांत मात्र हळूहळू घटत असल्याचें नमूद आहे. म्हणजे खेड्यांत तूट येण्यापूर्वींच सावध होण्यास आपणांस अवसर आहे.

चिमणी चोर आहे काय?

येथें कोणी शेतकरी बंधु म्हणेल, चिमण्या घटल्या तर आमचें नुकसान काय? ज्वारी-बाजरीचें कणीस चिकांत आलें कीं त्यांचे थवे उतरतात, आणि राखण करितां करितां आमचा जीव मेटाकुटीस येतो. हें गाऱ्हाणें खोटें नाहीं. प्रौढ चिमणी मुख्यतः दाण्यावर जगते, व गांवालगतच्या शेतास तिचा उपद्रव होतोच. परंतु तिच्या खात्याची एकच बाजू वाचून निकाल देणें बरें नव्हे. चीन देशानें १९५८ सालीं तसा निकाल दिला. उंदीर, माश्या, डांस व चिमण्या हे चार उपद्रव ठरवून त्यांच्या नाशाची मोहीम काढली. तेथील चिमणी आपल्या घरचिमणीची जवळची जात. लोकांनीं ताटें-डबे वाजवून त्या पांखरांस बसूं दिलें नाहीं, घरटीं मोडलीं, अंडीं फोडलीं. मग पिकांवर किडी वाढल्या, आणि पक्ष्यांच्या पोटांतील अन्न तपासणाऱ्या तेथील शास्त्रज्ञांनींहि सरकारास चूक दाखवून दिली. १९६० सालीं यादींतून चिमणीचें नांव काढून ढेंकणाचें घालण्यांत आलें. त्या सुमारास तेथें जो भयंकर दुष्काळ पडला, त्याचीं मुख्य कारणें राज्यकारभाराचीं होतीं. पण चिमण्यांच्या नाशानें त्यांत भर घातली असें मानतात. दाणा टिपणारी चिमणीच विणीच्या दिवसांत अळ्या टिपते, हें त्या मोहिमेंत हिशेबांत धरिलें गेलें नव्हतें.

शेतकऱ्यांस करतां येण्यासारखें

१. कणीस चिकांत असतां तेवढे दिवस राखण करावी, चमकत्या फिती बांधाव्या, गोफण आवाजापुरती वापरावी. विष कदापि घालूं नये.

२. बीजप्रक्रिया केलेलें बियाणें पूर्ण मातीआड करावें. पोतें रितें करितांना सांडलेले दाणे झाडून पुरावे. दाणेदार औषध मातीवर उघडें राहूं देऊं नये.

३. फवारणी किडीचें प्रमाण पाहूनच करावी. घराजवळील परसू, भाजीचे वाफे व बांधावरचें गवत यांवर तणनाशक व कीटकनाशक मारण्याचें शक्य तितकें टाळावें. पिलांचा चारा तेथूनच येतो.

४. नवें घर बांधतांना वळचणीस कांहीं सांदी राखाव्या. तें न जमल्यास लांकडी पेट्या टांगाव्या. भोंक ३२ मिलिमीटरचें, म्हणजे सुमारें सव्वा इंचाचें असावें. पेटी पुरुषभर उंचीहून वर, दुपारचें ऊन लागणार नाहीं व मांजर पोहोंचणार नाहीं अशा ठिकाणीं असावी. चिमणीस शेजार आवडतो, म्हणून दोन-तीन पेट्या जवळ जवळ लावाव्या.

५. उन्हाळ्यांत पसरट भांड्यांत पाणी ठेवावें. पण तें रोज पालटावें व भांडें घांसावें, नाहींतर त्यापासूनच रोग पसरतात.

६. पंख्याच्या वाटींत घरटें होण्यापूर्वींच ती कापडानें बंद करावी.

७. मेलेल्या पक्ष्याच्या पायांत क्रमांकाचें कडें आढळल्यास फेंकून देऊं नये. क्रमांक, स्थळ व तारीख लिहून कड्यावर नांव असलेल्या संस्थेस कळवावें. वर दिलेले आंकडे अशाच नोंदींवरून निघाले आहेत.

चिमणीच्या देहांत वीस वर्षांचें आयुष्य सांठविलेलें आहे, आणि तिच्या पदरांत पडतें तें फार तर दोन वर्षांचें. मधल्या तुटीपैकीं शिक्रा, पाऊस व थंडी यांचा भाग आपल्या हातीं नाहीं, व तो सोसूनहि तिचा वंश टिकत आला आहे. जो भाग आपल्या हातीं आहे तो बांधावरच्या मूठभर अळ्यांएवढा लहान असून, वर दाखविल्याप्रमाणें, गांवांत चिमण्या राहतात कीं नाहीं हें तेवढ्यावरूनहि ठरूं शकतें.